फक्रुद्दीनची वाकडी फळी

कोडोलीच्या फक्रुद्दीन सुताराचा राग गावाला ठाऊक होता. पण चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतर त्याच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नव्हतं. ट्रकच्या दोन जुन्या चाकांवर दातेरी पोलादी पट्टी चढवून त्यानं स्वतःच्या हातानं यंत्राची करवत बांधली होती. सणापर्यंत ती सरळ कापत होती. आता आंब्याचा ओंडका पुढं सारला की यंत्र धपधप करायचं आणि फळी सापासारखी नागमोडी निघायची.

त्यानं दातांना धार लावली, बोल्ट आवळले, पट्टी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग तो भागीदारावर, केरबावर घसरला. "तूच कायतरी बिघडवलं असशील!"

रागाच्या भरात त्यानं मोटार बंद केली आणि खालच्या चाकाला लाथ घातली. चाक सावकाश फिरलं. पट्टी जिथून धावते, नेमकं तिथंच चिंचोक्याएवढं ढेकूळ वर आलं. खंडेनवमीच्या पूजेचं तेलात कालवलेलं कुंकू होतं ते. भुसा बसून बसून त्याचा दगड झाला होता.

"हितं कुंकू? कुठल्या गाढवानं लावलं?"

"पूजा करताना माझ्या आईचा हात खाली पोचंना," केरबा म्हणाला. "तवा 'आणा हिकडं' म्हणून तिच्या हातातली वाटी कुणी वडून घेतली?"

फक्रुद्दीननं पटाशीनं ढेकूळ खरवडून काढलं. पुढची फळी सुतासारखी सरळ निघाली. ती बघून तो आणखीच भडकला.

"मग तवाच माझा हात का धरला न्हाईस रं?"