कापसात खुपसलेल्या दोन तारा

शेगावला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी वर्गातल्या निम्म्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून टाळी वाजवली की पेटणारा दिवा केला. मला टाळ्यांचा कंटाळा होता आणि एका माणसाचा राग होता. म्हणून मी कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र करायला घेतलं.

तो माणूस म्हणजे आमचा कापूस घेणारा व्यापारी. दरसाल तेच. आमचा टेम्पो जिनिंग कारखान्याच्या फाटकात शिरला की तो कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, मूठभर कापूस गालाला लावायचा आणि म्हणायचा, "ओला हाय, भाऊ." लगेच वजनात घट. बाबा कापूस आठ-आठ दिवस स्लॅबवर वाळवायचे, तरी खाली मान घालून हो म्हणायचे. घरी आले की जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांचं ते मुकाट जेवणं मला बघवायचं नाही.

यंत्र तसं साधं होतं. सायकलच्या चाकाच्या दोन तारा, मायक्रोकंट्रोलरचा एक निळा बोर्ड, चौकोनी बॅटरी, हिरवा दिवा, लाल दिवा आणि एक पिपाणी. सगळं साबणाच्या डबीत. ओल्या कापसातून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. तारांना कथलाचा डाग द्यायला मोबाईल दुरुस्तीवाल्या चाचांनी शिकवलं. "बेटी, कथील कम, सबर ज्यादा," असं म्हणत त्यांनी माझे पहिले वीसेक डाग उपटून काढले. घरी मी एक मूठ कापूस उन्हात, एक न्हाणीत आणि एक भिजवून ठेवायची, आणि तारा खुपसत आकडे लिहायची. माय विचारायची, "काय वं, कापसाले ताप आला काय?"

ते गुलाबी अळीचं वर्ष होतं. बीटी बियाण्याला बोंडअळी लागत नाही, असं पाकीट सांगत होतं. अळीनं पाकीट वाचलेलं नव्हतं. अर्धी बोंडं किडली. जो कापूस हाती आला, तो तरी मानानं विकला जावा, एवढीच माझी इच्छा. कापूस विकायला न्यायच्या आदल्या संध्याकाळी कापसाच्या खोलीत मी दहा ठिकाणी तारा खुपसून पाहिल्या. दहाही वेळा हिरवा.

सकाळी जिनिंगवर व्यापाऱ्यानं हात घातला. "ओला हाय, भाऊ."

"थांबा," मी म्हणाले. "आता मशीन सांगेल."

पाच-सात शेतकरी जमले. मी ऐटीत तारा खुपसल्या. लाल दिवा लागला आणि पिपाणी केकाटली. दुसरीकडे खुपसल्या, पुन्हा लाल.

"काय म्हणते मशीन, बेटा?" व्यापारी मजेत होता.

मी बाबांकडे पाहिलं. ते टेम्पोच्या चाकाकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"मशीन बिघडली," मी म्हणाले. सहा महिने जीव लावलेल्या वस्तूबद्दल मी असं बोलले. सगळे हसले. "शिकलेल्या पोरीचं खेळणं!" कोणीतरी म्हणालं. मी तारा गुंडाळू लागले.

त्या फाटकात ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, ते बाबा पुढे आले. "मशीन बराबर हाय," ते म्हणाले. "पाणी म्याच मारलं, सकाळी."

मग बाबा व्यापाऱ्याकडे वळले. "दरसाल कोरडा आणतो शेठ, तरी तुमी ओलाच म्हणता. म्हटलं, यंदा तुमाले खोटं काऊन बोलाले लावावं?"

आता जे हसू फुटलं, ते माझ्यावर नव्हतं. व्यापारीही कसनुसा हसला आणि त्यानं घट धरली, दरसाल धरायचा तेवढीच.

परतताना टेम्पोत बाबांनी ती डबी मांडीवर घेतली.

"बिघडली नाही नं हे?"

"नाही."

"मंग तसं म्हणत नको जाऊ. माह्यासाठी बी नाही."

घरी ताटावर बसल्या बसल्या मायला सगळी हकिकत त्यांनीच सांगितली, पाण्यासकट.