मोठ्यानं मानलेले उपकार

नाव : श्रीमती रखमा दत्ताराम उतेकर. वय चौपन्न. राहणार पळसटेप, तालुका पोलादपूर. धर्म ख्रिस्ती, नऊ वर्षांपासून. व्यवसाय भात, नाचणी व एक म्हैस. वर्तन शांत. सवय : जेवणापूर्वी डोळे मिटून मोठ्याने बोलणे. उपद्रव : दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी अंदाजे एक मिनिट.

हे वर्णन पळसटेपच्या तंटामुक्ती समितीच्या वहीतलं. गावात तंटा नाही हे समितीला वर कळवायचं होतं. त्यासाठी आधी तंटा कुठे आहे ते लिहून काढावं लागलं.

तंटा एका कुडाच्या दोन बाजूंना होता. कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली भिंत. पलीकडे फोडणी पडली की अलीकडच्यानं खोकायचं, इतकीच तिची जाडी. एका बाजूला विधवा रखमा, दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा दीर गोमाजी आणि त्याची सून सेजल. सेजलचा नवरा मुंबईत कामाला असतो. गावातल्या निम्म्या नवऱ्यांचं हेच आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंद नाही.

दत्ताराम हयात होता तेव्हा रखमाही मुंबईलाच होती. तो गेला त्याच्या तेराव्या दिवशी तिनं भातात उंदराचं औषध कालवलं आणि ताट पुढ्यात घेऊन बसली. तेवढ्यात अनुपमा आली. दत्तारामच्या इस्पितळातल्या वॉर्डातली ही ख्रिस्ती नर्स, सहज चौकशीला आलेली. तिला वाटलं, बाई जेवायलाच बसली आहे. तिनं रखमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या भातासाठी, तो खाणाऱ्या हातांसाठी मोठ्यानं देवाचे उपकार मानले. रखमानं सगळं ऐकून घेतलं आणि ताट मोरीत पालथं केलं.

"मनातल्या मनात बोलली असती तर मला काय ऐकू आलं असतं?" ती पुढे सांगायची. "मी नसते आज."

ती ख्रिस्ती झाली त्यामागे एवढाच युक्तिवाद आहे. मी यापेक्षा लांबलचक वाचलेले आहेत, याहून भक्कम फारसे नाहीत.

पुढे काही वर्षांनी ती गावी परतली, दर रविवारी एसटीनं महाडला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागली आणि घरी रोज तीन वेळा मोठ्यानं बोलू लागली. "हे बापा, ह्या भाताबद्दल, ह्या छपराबद्दल तुझे उपकार मानते." मंडळीत याला उपकारस्तुती म्हणतात. पळसटेपमध्ये याला टोमणा म्हणतात.

आमच्याकडे उपकार हा शब्द सरळ वापरायची रीत नाही. पाणी मागितलं आणि अर्ध्या तासानं आणून दिलं, की 'उपकार झाले' म्हणतात. त्यात गोमाजीचं बालपण याच शब्दाखाली गेलेलं. शाळा दादामुळे, लग्न दादामुळे, डोक्यावरचे पत्रेही दादानंच घातलेले. आई मरेपर्यंत येता जाता म्हणायची, "दादाचे उपकार हायत रे तुझ्यावर." आता त्याच दादाची बायको कुडापलीकडून, त्याच छपराचं नाव घेऊन, तेच बोलत होती. वर 'तुझे' म्हणत होती. तू म्हणजे आपणच, हे कुणी सांगायची गोमाजीला गरज वाटली नाही.

पहिल्यांदा तो आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. त्यानं ताटाला लाथ घातली. तिनं आमेन म्हटलं, मगच डोळे उघडले.

"मला ऐकवतेस काय गो वैनी? रोज तीन टाइम?"

"तुमाला नाय भावोजी. देवाला."

"देवाला छप्पर कुनी घातलंन? देव गळत हुता काय?"

त्यानं थोबाडीत मारली. खालचा एक दात पडला. तिनं तो पदरात घेतला आणि डोळा वाचला म्हणून तिथल्या तिथे उपकार मानले. त्यामुळे दुसराही पडला.

असं पावसाळाभर चाललं. कधी पाठीत लाकूड, कधी केसांना धरून ओटीपर्यंत. एकदा त्यानं चुलीतलं कोलीत तिच्या दंडावर टेकवलं आणि विचारलं, "आता कुनाचे उपकार?" तिनं सांगितलं. धर्माशी त्याचं काही वाकडं नव्हतं, हे नमूद केलं पाहिजे. "देव कंचाबी ठेव," तो म्हणायचा, "टोमणे मारू नको."

घोटाळा शब्दाचा आहे हे सेजलच्या पहिल्यांदा लक्षात आलं. तिचं बारावीला मराठी होतं.

"मोठ्या आई, तुमी आभार म्हना ना. उपकार ऐकलं की बाबांचं डोकं फिरतं."

"आभार?" रखमा दंडावर खोबरेल लावत होती. "आभार मानले की कार्यक्रम संपतो गो. सतरंज्या गुंडाळतात. उपकार फिटत नाय, म्हनून रोज मानायचे."

"मग हळू तरी म्हना."

"हळू म्हनून अनुपमाबाईनं मला वाचवली असती काय?"

मग सेजल सासऱ्याला समजवायला गेली, तर तिलाही एक बसली.

शेवटी समिती बसली. अध्यक्ष सुहास, मुंबईहून कायमचे परत आलेले आणि येताना बरेच शब्द घेऊन आलेले. "बघा वहिनी, टेन्शन कुणालाच नको. थोडं ॲडजस्ट करा. प्रार्थना करा, पण म्यूट करा. नाहीतर महाडला तुमच्या मंडळीत खोली बघा. दोनातलं एक."

"आनि हे मारतात ते?"

"ते दुसरं कलम. आधी पहिलं मिटवू."

रखमा घरी आली. दुपारची वेळ होती. तिनं भात वाढून घेतला. कुडापलीकडे गोमाजीही जेवायला बसला होता. घास हातात धरून थांबला होता, असं सेजल सांगते. रखमा गप्प बसली असती तर तिला घर होतं. सेजलनं कुडाला तोंड लावून हळूच सांगितलं, "मोठ्या आई, आज नको."

रखमानं डोळे मिटले. नेहमीपेक्षा आवाज मोठा नव्हता, लहानही नव्हता. भाताबद्दल म्हणून झालं, छपराबद्दल म्हणून झालं, आणि "माझ्या भावोजींबद्दल" इथपर्यंत ती आली तेव्हा गोमाजी दारात होता. त्याच्या हातात मुसळ होतं. त्यानं ते आडवं फिरवलं. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. ती चुलीवर पडली, त्यानं पुन्हा मारलं, मग तो कुडाकडे वळला आणि कारवीच्या काठ्या बाहेर येईपर्यंत त्याला हाणत राहिला. "म्हन! म्हन ना आता!" ती म्हणू शकत नव्हती. कुडाच्या भोकातून सेजल अलीकडे आली, तिनं रखमाला चुलीवरून ओढली आणि सासऱ्याच्या डोळ्यांत हंड्यातली गरम पेज फेकली.

घोंगडीची डोली करून रखमाला रस्त्यापर्यंत उतरवली. डॉक्टरांनी विचारलं, पडल्या का? डोलीबरोबर आलेल्या चौघांनी होय म्हणून मान हलवली. सेजल म्हणाली, "मुसळ." पोलीस त्याच दिवशी गोमाजीला घेऊन गेले.

रखमाचे वरचे-खालचे दात तारांनी एकत्र बांधले होते. जेवण म्हणजे नळीतून पेज. पहिल्या दिवशी सेजलनं नळी ओठांशी नेली, रखमानं तोंड फिरवलं. पुन्हा नेली, पुन्हा फिरवलं. नर्स ओरडून गेली. तिसऱ्या वेळी सेजलच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हनल्याशिवाय खायाचं नाय, असं हाय काय?"

रखमानं मान हलवली.

"मग मनात म्हना."

मान आडवी हलली. सेजलनं वॉर्डात इकडे तिकडे बघितलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कान देऊन ऐकत होती. सेजलला लाज वाटत होती आणि रागही आला होता.

"बरं. मी म्हनते. देवा, ह्या पेजेबद्दल तुझे आभार..."

रखमानं तिचं मनगट धरलं.

"उपकार," सेजल मोठ्यानं म्हणाली. "उपकार मानते. घ्या आता."

रखमानं पेज ओढून घेतली. पुढे रोज तीन वेळा सेजलच म्हणायची. आवाज चांगला होता तिचा.

त्याच आठवड्यात समितीनं अहवाल वर पाठवला. शेवटचा परिच्छेद असा : 'समितीच्या समुपदेशनानंतर सदर महिलेने मोठ्याने प्रार्थना करणे स्वेच्छेने बंद केले असून उभय पक्षांत पूर्ण सलोखा आहे.'

रखमाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता.