तापलेला हात

माझा आवाज चढला की समजावं, मी चुकलोय. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही आहे, पण कबूल कोण करतो? त्या मंगळवारी सकाळी तो असा चढला की सून पोळी तव्यावर टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, हळू. आजारी माणसासंगं भांडायलाव का तुमी?"

भांडण कशावरून, तर एका बॉक्सरवरून. कुठल्या तरी दूरदेशीचा जगज्जेता, त्याचं आमचं काय देणंघेणं? पण माझे इवाई, म्हणजे या सुनेचे वडील, दिवाळीपासून आमच्याकडे परभणीत राहतात. दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, मधले दिवस त्यांनी खाटेवर काढायचे. राणीसावरगावात दिवस उजाडायच्या आत शेतात असणारा हा माणूस आता पाणीसुद्धा मोजून पितो. ते बघवत नाही मला. मग आम्ही दोघं म्हातारे तांब्याला मोबाईल टेकवून कुस्त्या बघतो, आणि कुस्त्यांचा कंटाळा आला की बॉक्सिंग.

"ह्यो गडी निवडून मारतो," इवाई म्हणाले होते. "मागच्या टायमाला वय झालेला धरला. त्याच्या आधी खांदा शिवून आलेला. आन् आता ह्या समोरच्याचे गाल बघा, कसे बसलेत. ह्याला वरच्या गटातून खाली उतरवलंय. पाणी तोडून तोडून वजन कमी केलंय बिचाऱ्यानं. तहानलेला मानूस मला लगेच कळतो."

"उगं काही बी बोलू नका," मी म्हणालो. "त्यानं सही केली का न्हाई? जमत नव्हतं तर यायचं कशाला?"

"सही तर केलीच की."

"मग झालं. समोरचा तयार हाय म्हणल्यावर जगज्जेत्यानं काय त्याचा ताप बघत बसायचं?"

ताप हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मलाच कसंनुसं झालं. इवाई तहानेबद्दल बोलत होते, तापाचा विषय कुणी काढलाच नव्हता. मी आणखी जोरात बोलायला लागलो, तेव्हाच सून बाहेर आली.

मी कुस्ती खेळायचो तेव्हा आमच्या पोखर्णीच्या जत्रेत जोड्या आखाड्यातच लागायच्या. पैलवानानं मैदानाला फेरी मारायची, ज्याला लढायचंय त्यानं कडेनं हात पुढं करायचा. हात धरला की जोड लागली. सोडून पुढं गेलं तरी कुणाला कमीपणा नव्हता. पंच म्हणायचे, जोड जुळत न्हाई, आणि हात करणाराही ताठ मानेनं गावी जायचा.

एका वर्षी माझ्यापुढे तीन हात आले. दोन तगडे होते. तिसरा राणीसावरगावच्या गड्याचा. त्याचं नाव मोठं होतं, आदल्या साली त्यानं आमच्या गावच्या दोघांना चीत केलं होतं. पण त्या दिवशी सकाळी मी त्याला लिंबाखाली बघितलं होतं, वैशाखाच्या उन्हात घोंगडी पांघरून बसलेला. मी त्याचाच हात धरला. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा भाजत होता. तेव्हाही सोडता आला असता. मी पंचांकडे बघून मान हलवली.

घामसुद्धा आला नाही मला. पडताना त्याचा उजवा खांदा निखळला. मला गुलाल लागला, फेटा बांधला, तेव्हापासून गाव मला पैलवान म्हणतं आणि अजून म्हणतं. तो पुन्हा कधी आखाड्यात उतरला नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी मुलासाठी पोरगी बघायला गेलो, तर पोरीचा बाप तोच. वाटलं, उठून चालू लागावं. पण त्यांनी चहाचा कप पुढं केला आणि म्हणाले, "घ्या पैलवान." लग्नात अक्षता टाकायला सगळ्यांचे हात वर गेले, ह्यांचा उजवा हात छातीच्या वर जाईना. ते खालूनच टाकत राहिले. मी दुसरीकडं बघितलं. तेव्हापासून दुसरीकडंच बघत आलोय.

सून आत गेली. डायलिसिसची वेळ होत आली होती, मी त्यांच्या पायात चप्पल सारली. खाटेच्या कडेला बसून ते म्हणाले, "मग काय पैलवान, सांगा की. निवडतो का न्हाई त्यो बॉक्सर?"

हसत विचारलं त्यांनी. मला संताप आला, स्वतःचाच.

"निवडतो," मी म्हणालो. "मी बी निवडलं होतं. तुमचा हात भाजत होता इवाई. मला ठावं होतं."

"ठावं नसंल कसं? हात तुमच्याच हातात होता की."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. कसलं काय. लाजेनं कान तापले आणि लाज वाटली की माझी जीभ सुटते. "पन मग तुमी हात केलाच कशाला? अंगात ताप होता तर घरी निजायचं!"

"गावानं वाजतगाजत आणलं होतं मला. न लढता माघारी कसं जावं? म्हणलं, हात तर करावा. समोरच्यानं सोडला की सांगता येतंय, जोड जुळली न्हाई." त्यांना दम लागला. थोडं थांबून ते म्हणाले, "तिघं पैलवान फेरी मारायलते. बाकीच्या दोघांच्या म्होरं मी हात काढलाच न्हाई. तुमचं तोंड बघितलं. म्हणलं, ह्यो भला मानूस दिसतो, ह्याला कळंल, ह्यो सोडंल. मी बी निवडूनच केलता हात."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. उठवायला म्हणून त्यांनी उजवा हात पुढं केला, छातीपर्यंतच. डाव्याला डायलिसिसच्या सुया टोचतात, तो धरायचा नसतो. मी उजवा धरला. थंडगार होता.

"उठवा की," इवाई म्हणाले. मी नुसताच धरून उभा होतो.