नानांची रशियन

मित्रांनो, दुपारी धुळ्याच्या दवाखान्यातून आलो, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

नाना माझे थोरले भाऊ. साठच्या दशकात देवपूरच्या घरी पुस्तकं मागवून ते एकट्यानं रशियन शिकले. आई विचारायची, "आरे, आठे कोनासंगे बोलशी तू?" इथे रशियन बोलायला होतं कोण! नाना नुसते हसायचे. लग्न केलं नाही, पण ती भाषा कधी सोडली नाही.

पक्षाघातानं त्यांची मराठी गेली, रशियन तेवढी उरली. आज माझा हात धरून ते बराच वेळ काहीतरी कळवळून सांगत होते. मी मान डोलावत राहिलो. मला काहीच कळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुमच्यापैकी कुणाला रशियन येते का? उद्या माझ्यासोबत याल?