ओडेलची अकरा पावलं

ओडेल रोबिशो एकतीस वर्षं सिनेमाच्या धंद्यात होता आणि एकाही सिनेमात दिसला नाही. त्याचा काही दोष नव्हता, कामच तसं होतं. माझंही तेच काम. आम्ही स्टँड-इन. नट आपल्या गाडीत पाय पसरून बसलेला असतो, तेव्हा त्याच्या उंचीचा, त्याच्या रंगाचा, तसाच कोट घातलेला माणूस जमिनीवरच्या चिकटपट्टीवर उभा करतात आणि त्याच्यावर दिवे लावून घेतात. सगळं जमलं की नट येतो, आपण बाजूला व्हायचं. अभिनय करायचा नाही, हा पहिला नियम. नव्या पोरांना ते कळत नाही. ती दिव्यांसमोर डोळ्यांत पाणी आणतात आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे त्यांची नक्कल करतात.

ओडेलला असं कोणी कधी हसलं नाही. बरबँकच्या कुठल्याही स्टुडिओत आमच्या नावाची हाक आली की कॉफीचा कप खाली आणि ओडेल पट्टीवर. तासन् तास उभा राहील, पण कुरकुर नाही. तो लुइझियानातून बत्तिसाव्या वर्षी इथे आला होता तो नट व्हायला. दोन वर्षं उंबरे झिजवले, मग बायको, लहान मुलगी आणि घर बघून या कामाला लागला. त्याबद्दल तो कधी रडगाणं गायला नाही. मी मात्र त्याच्या वतीने पुष्कळदा चिडले, माझा स्वभावच तसा आहे.

मग एका जुन्या कॉमिकवरून काढलेली ती सुपरहिरोची मालिका आली. तिचा नायक कॉर्बिन स्लेट नावाचा पन्नाशीतला नट, आयुष्यभर टीव्हीवर सुपरहिरोचं सोंग केलेला. त्याची नोकरी जाते आणि त्याला खरोखरीच शक्ती मिळते, पण कॅमेरा सुरू झाला की ती गुल. म्हणजे जगाला दाखवायची सोयच नाही. स्लेटचं काम लेमंट वेकफील्ड करत होता आणि वेकफील्डच्या जागी उभा राहायला आमचा ओडेल.

पाचव्या भागात स्लेटला एका ऑडिशनमध्ये नकार मिळतो आणि तो लांबलचक बोळातून निघून जातो, एवढाच प्रसंग. पाठमोरा. दिवे काही केल्या जमेनात. ओडेलने वीसेक फेऱ्या घातल्या असतील. मी नकार देणाऱ्या बाईची स्टँड-इन, म्हणून दारात उभी. कंटाळून मी तिचं वाक्य मोठ्याने म्हणून टाकलं, "थँक यू, आम्ही कळवू हं." वाक्य म्हणणंही आमच्या नियमात बसत नाही. ओडेलने माझ्याकडे पाहिलं, हातातली टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि वळून चालायला लागला.

तो कसा चालला ते मी नीट सांगू शकत नाही. घाई नाही, रेंगाळणंही नाही. मागून कोणी हाक मारली तर ऐकू यावी इतपत सावकाश, आणि कोणी मारणार नाही हे माहीत असलेला. एकतीस वर्षं जपलेला नियम त्याने अकरा पावलांत मोडला. मला एकदम रडू आलं.

दिग्दर्शिका मॉनिटरजवळ उभी होती. तिने विचारलं, "हे घेतलं का रे कोणी?"

"फोकस बघायला चालू ठेवला होता," कॅमेरावाला म्हणाला.

"मग वेकफील्डना उठवू नका. हेच ठेवायचं."

संध्याकाळी ऑफिसातून एक मुलगी कागद घेऊन आली. ती पाठ वेकफील्डची नाही हे दोन वर्षं कोणाला सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही. ओडेलने सही केली, साक्षीदार म्हणून मीही केली. ती मुदत गेल्या महिन्यात संपली, म्हणून आज तोंड उघडलंय.

मालिका आली आणि चाहत्यांनी आधी तिची सालटी काढली. चार भाग झाले तरी हिरो एकदाही उडत नाही म्हणून जुने कॉमिकवाले पेटले. "हा सुपरहिरो आहे की पेन्शनर?" असं एकाने लिहिलं आणि ते हजारो लोकांनी उचललं. मग पाचवा भाग आला. त्या रात्रीत सगळं फिरलं. जो तो ती चाल फोनवर फिरवायला लागला. कोणी तिला गाणं लावलं, कोणी ती संथ करून दाखवली. एका फिजिओथेरपिस्टने तर गुडघ्यांवर बाण काढून व्हिडिओ केला. अकरा पावलं म्हणजे कॉमिकच्या अकराव्या अंकातलं रहस्य, असाही शोध लागला. पावलं अकराच होती कारण पट्टी तिथे संपत होती! ओडेल जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून एकेक वाचायचा. "व्हर्नेल, हे ऐक," म्हणायचा, "कोणी ओहायोची बाई लिहिते, माझा नवरा कारखाना बंद झाला त्या दिवशी असाच घरी आला होता." मग फोन खिशात ठेवून उगाच टोपी साफ करत बसायचा.

आणि या चाहत्यांमधली सगळ्यात कडवी कोण, तर त्याचीच मुलगी कोलेट. इस्पितळात एक्स-रे काढते, चाळिशीची बाई, पण कॉमिकचं वेड शाळेपासूनचं. एका रविवारी जेफरसन पार्कला तिच्याकडे गंबो, म्हणजे त्यांच्या लुइझियानाकडचं खेकड्याचं कालवण, खायला गेलो होतो. खेकड्याचा पाय माझ्या तोंडात, आणि तिने फोन बापाच्या नाकासमोर धरला.

"हे बघा डॅडी. याला म्हणतात अभिनय! नुसत्या पाठीने रडवतो हा वेकफील्ड."

"बरा चालतो," ओडेल म्हणाला.

"बरा? तुम्ही एकतीस वर्षं दिव्याखाली उभे राहिलात, काय उजेड पाडलात ते सांगा. तिथे विजेचा खांब उभा केला असता तरी चाललं असतं."

"कोलेट!" मी म्हणाले.

"खोटं आहे का व्हर्नेल आंटी? शाळेत पोरी म्हणायच्या, दाखव तुझा बाप कुठे आहे. मी सिनेमा थांबवून थांबवून काय दाखवणार होते? दुसराच माणूस उभा असायचा तिथे."

मस्करी करता करता तिचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांची सल होती ती, मला तोवर माहीतच नव्हती. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण ओडेलने माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि असं पाहिलं की मी मूग गिळून बसले. परतताना गाडीत मी त्याला फैलावर घेतलं. "एकदा सांगून टाक की तिला!"

"सही केलीय, व्हर्नेल."

"आग लाव त्या सहीला."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तिला कळावं असं मला वाटत नाही, असं तुला वाटतं का? जीव जातो माझा. पण मी सांगितलं तर तो माझा शब्द होईल. तिने बघायला हवं."

शेवटचा भाग आला त्या शनिवारी कोलेटच्या चाहतेमंडळाने क्रेनशॉ रस्त्यावरचं जुनं थिएटर दुपारपुरतं घेतलं. आधी पाचवा भाग, मग शेवटचा. बापाला तिने मुद्दाम नेलं, "खरा अभिनय मोठ्या पडद्यावर बघा" म्हणून. मीही गेले. उशीर झाला होता, दिवे मंद झाले होते. ओडेल पुढे, त्याच्यामागे कोलेट, मागे मी, असे आम्ही मधल्या वाटेने चाललो होतो. आपली जागा शोधताना ओडेलने टोपी काढली आणि एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

कोलेट मध्येच थबकली. मी तिच्या पाठीवर आदळले.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली, पण ती पुढे जाणाऱ्या बापाच्या पाठीकडे बघत होती. पोरं बापाचं तोंड बघत मोठी होतात, पाठ कोण बघतो?

आम्ही बसलो. तो प्रसंग आला तसं थिएटर चिडीचूप झालं. पुढच्या रांगेतली एक पोरगी वळून ओडेलला म्हणाली, "अंकल, आता फोन नका बघू हं, हेच बघायचं असतं."

"बघतो बेटा," ओडेल म्हणाला.

पडद्यावर तो चालायला लागला. कोलेटने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, पुन्हा पडद्याकडे. मग तिने त्याचा दंड घट्ट धरला.

"डॅडी. हे तुम्ही आहात."

ओडेल समोर बघत राहिला, मान सरळ, तोंड बंद. पण हनुवटी थरथरत होती आणि त्याला ती थांबवता येत नव्हती.

अकरावं पाऊल पडलं आणि सगळं थिएटर उभं राहून वेकफील्डच्या नावाने ओरडायला लागलं. शिट्ट्या, टाळ्या, कान बधिर झाले. कोलेटही उठली. सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. पुढची पोरगी हसून म्हणाली, "ताई, पडदा इकडे आहे!"

कोलेट वळली नाही. पडद्याकडे पाठ करून, बापासमोर उभी राहून, ती टाळ्या वाजवत राहिली.