भुईकोहळ्याची बाळंतीण

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारूचं दुकान नाही, एवढंच. नवरा रोज संध्याकाळी डोलत यायचा आणि मी रोज ठरवायचे, उद्या ह्याला सोडून जाते. शपथा झाल्या, गिरडच्या दर्ग्याला नवस झाला. मग मोबाईलवर वाचलं की कुडझू नावाच्या वेलाच्या मुळाने पिण्याची इच्छा कमी होते आणि आपला भुईकोहळा त्याच्याच जातीचा. बुडत्याला काडीचा आधार; मला तर अख्खा कंद सापडला.

हिंगणीकडची एक म्हातारी हे कंद घेऊन बाजारात बसायची. बाळंतिणीला दूध यावं म्हणून लोक न्यायचे.

"बाळंतीण हाये का घरात?" तिने विचारलं.

नवरा पितो, हे सांगायची लाज वाटली. "हो," म्हणाले.

"मंग दुधातूनच देजो माय," म्हणत तिने एक कंद वर घातला. पन्नाशीच्या माणसाची मी बाळंतीण करून टाकली!

काप वाळवले, मिक्सरमधून काढले, वस्त्रगाळ केले. रोज सकाळी त्याच्या दुधात एक चमचा, न सांगता. डबा रव्याच्या डब्यामागे लपवला. पिणं तसूभर कमी झालं नाही, डबा मात्र लवकर लवकर रिकामा व्हायला लागला. वाटलं, माझाच हात सैल पडतोय.

"लेकरू लई पिऊन राह्यलं वाटते?" पुन्हा कंद न्यायला गेले तेव्हा म्हातारी कौतुकाने म्हणाली.

"हो, लई पिते," मी म्हणाले. घरी येईपर्यंत डोळ्यांचं पाणी खळलं नाही.

पुढे त्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "दारूशिवाय आणखी काही घेता? जडीबुटी, पावडर?"

आता सगळं सांगावं लागणार होतं. पण तोच बोलला.

"भुईकोहळा. हे देते एक चमचा दुधात. अन् मी घेतो दोन, पाण्यासंगं. हे घरी नसली का."

"तुम्हाले मालूम होतं?" मी विचारलं.

"हो ना. मले वाटलं, एकानं नाई सुटत तं तिनानं सुटन."

डॉक्टरांनी पावडर त्याच दिवशी बंद करायला सांगितली. दारूचं तर काय, तेही सांगितलं.

ह्याला दारू सोडायचीच नाही, या रागावर मी इतकी वर्षं उभी होते. त्याला सोडायची होती. घरी येऊन तो अर्धा भरलेला डबा मी मोरीत उपडा केला आणि तिथेच बसून रडले.