महादेव दिवेकरांनी बांधलेला कॉम्प्युटर

बोर्ली पंचतनच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये महादेव दिवेकरांनी एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत एकही वायर लोंबकळू दिली नाही. हे कौतुक आहे असं समजू नये, नुसती माहिती आहे. एक्सचेंजमधल्या मोठ्या लोखंडी चौकटीवर हजारभर तारा यायच्या. त्यांच्या जुड्या करायच्या, मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायच्या, बोटभर अंतरावर एकेक गाठ आणि सगळ्या गाठी एका रेषेत. साहेब तपासणीला आले की पुढून यंत्रं बघून चहाकडे वळायचे. महादेवराव त्यांना दंडाला धरून चौकटीच्या मागे न्यायचे. "इथून बघा साहेब. काम मागून कळतं." साहेब बघायचे, वा म्हणायचे आणि घड्याळ बघायचे.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला, चौकटीवरची एकेक तार मुकी झाली आणि महादेवरावांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं आणि हात शिवशिवत होते. मग त्या हातांच्या तावडीत घर सापडलं.

घर म्हणजे सुपारीची लहानशी वाडी, विहीर, पडवी, चार खोल्या आणि पत्नी प्रमोदिनी. पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटली. दुसऱ्या महिन्यात चहाच्या वेळा ठरल्या, अकरा आणि चार. तिसऱ्या महिन्यापासून महादेवराव चहा होताना ओट्यापाशी, प्रमोदिनीबाईंच्या मागे उभे राहू लागले. साखर केव्हा, दूध केव्हा, उकळी किती. प्रमोदिनीबाई तीस वर्षं चहा करत होत्या आणि कोणाला काही झालं नव्हतं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. महादेवरावांच्या लेखी ही बायकोला केलेली मदत होती. बाकीचे नवरे कुठे एवढं बघतात, असं ते मनापासून म्हणत.

त्यांची एकुलती एक मुलगी निवेदिता मुंबईत नोकरीला. बांधायच्या इमारती आधी कशा दिसतील त्याची चित्रं ती कॉम्प्युटरवर काढते, अगदी खिडकीतलं ऊनसुद्धा. लॉकडाउनमध्ये ती लॅपटॉप घेऊन घरी आली ती दीड वर्ष राहिली. महादेवरावांच्या आयुष्यातलं तेवढं सुखाचं दीड वर्ष दुसरं नाही. अकराचा चहा ते स्वतः तिच्या टेबलावर नेऊन ठेवत आणि ती पिईपर्यंत उभे राहत. तिचे कागद आकाराप्रमाणे लावून ठेवत. तिची मीटिंग चालू असताना चार्जरची वायर पायात येते म्हणून ते एकदा वाकून आत शिरले आणि मुंबईच्या आठ माणसांनी पडद्यावर त्यांची पाठ बघितली. निवेदिता काही बोलली नाही. दिवेकरांच्या घरात बायका फारसं बोलत नाहीत, आणि महादेवरावांना ते शांततेचं लक्षण वाटे.

ऑफिसं उघडली तशी ती निघाली. तिला सोडायला आईबाबा दोघंही गेले. आगरदांड्याला जाणारी फेरीबोट दिघीच्या धक्क्याला लागायला वेळ होता, तेव्हा महादेवरावांनी विचारलंच, "इथूनच नाही का करता येणार तुला?"

"आले असते हो बाबा राहायला," निवेदिता म्हणाली, "पण ही चित्रं लॅपटॉपवर धड निघत नाहीत. चांगला डेस्कटॉप असता तर गोष्ट वेगळी होती."

निघताना माणूस काहीतरी गोड बोलतो, तसं ते होतं. पण महादेवरावांनी घरी येऊन ते वाक्य डायरीत तारखेसकट उतरवून ठेवलं. पुढे दर गणपतीला त्यांनी विचारावं आणि तिनं तेच उत्तर द्यावं. तिसऱ्या गणपतीनंतर त्यांनी ठरवलं, कारणच काढून टाकायचं. लेकीला घरी राहता येईल असं मशीन स्वतः बांधायचं आणि बांधून होईपर्यंत तिला पत्ता लागू द्यायचा नाही. एकसष्ट वर्षांच्या या माणसाला त्यानंतर दुसरं काही नको होतं.

फोनवर सहज विचारल्यासारखं करून त्यांनी तिच्याकडून ग्राफिक्स कार्डाचं नाव काढून घेतलं. त्या चित्रांचा सगळा भार हे कार्ड उचलतं आणि अख्ख्या मशीनमध्ये महाग तेच. मग खोकी यायला लागली. बाजारातून ती दयाराम रिक्षावाला आणून टाकायचा.

"काका, यात हाय तरी काय?"

"निवेदिता येणार आहे राहायला."

"खोक्यातून?" दयाराम म्हणाला. महादेवरावांना हसू आलं नाही. त्यांनी खोकं हलवून बघितलं आणि उचलून आत नेलं.

मशीन जोडायला चार दिवस लागले. मोबाइलवर हिंदीतून शिकवणारी पोरं बघत बघत त्यांनी मदरबोर्ड बसवला, त्यात प्रोसेसर टेकवला, रॅमच्या पट्ट्या दाबल्या, पंखे लावले. पाचव्या दिवशी पडदा उजळला. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी पेढे वाटून मोकळा झाला असता. महादेवरावांनी कॅबिनेट उलटं फिरवलं, मागचा पत्रा काढला आणि आतल्या वायरींचं जंजाळ बघून खुर्ची ओढून बसले. त्या खुर्चीत आठ महिने गेले.

व्हिडिओतली पोरं वायरी नायलॉनच्या पट्टीनं आवळत. महादेवराव मोबाइलला झापत, "अरे, कातडं कापेल वायरीचं. खारा वारा आत शिरला की संपलं." त्यांनी सुती दोरा आणला, त्याला मेण चोळलं आणि एक्सचेंजमधल्यासारख्या जुड्या बांधायला घेतल्या. एकच सलग दोरा, बोटभर अंतरावर गाठ. पंख्यांच्या वायरी डाव्या कडेनं, वीज देणाऱ्या जाड वायरी मधून, सगळ्यांचा वळसा एकाच गोलाईचा. कुठेही सैल वायर ठेवायची नाही. सैल वायर म्हणजे उद्याची तक्रार, हा एक्सचेंजमधला धडा. कार्ड वजनदार, जरा खाली झुकायचं, म्हणून ते दोऱ्यानं चौकटीला टांगलं आणि त्याचा प्लगही त्याच दोऱ्यात गाठीवर गाठ मारून असा बांधला की ओढला तरी सुटू नये.

सगळं जमलं की रात्रीत त्यांच्या मनाला एखादा वळसा खटकायचा आणि सकाळी ते सगळं सोडून पुन्हा बसायचे. तीनदा सोडलं. चौथ्या वेळी मात्र त्यांचं पूर्ण समाधान झालं. त्यांनी प्रमोदिनीबाईंना बोलावून दाखवलं. त्या चष्मा लावून वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय. तो खालचा वळसा तेवढा वरच्यापेक्षा मोठा दिसतो का हो?" महादेवरावांनी पट्टी लावून बघितली. फरक असलाच तर केसभर होता. त्यांनी सगळं सोडलं. छत्तीस वर्षांत बायकोनं आपल्या कामात पहिल्यांदाच एवढं लक्ष घातलं याचा त्यांना आनंद झाला. त्या आनंदात आणखी दोन महिने गेले.

मे अखेरीला निवेदिता दोन दिवसांसाठी आली. खोलीला नवी सफेदी, फणसाच्या लाकडाचं टेबल, त्यावर मशीन. महादेवरावांनी ते चालू करायच्या आधी फिरवलं आणि मागचा पत्रा काढला.

निवेदिता बघतच राहिली. त्या गाठींवरून तिनं बोट फिरवलं. "बाबा, हे तुम्ही केलंत? असं काम मी कुठेच बघितलेलं नाही." ती खरंच बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मागून बघून घड्याळाकडे बघितलं नव्हतं. मग त्यांनी मशीन चालू केलं, तिनं तिचं एक चित्र उघडलं, आणि मुंबईत अर्धा तास लागणारं काम तिथे दोन मिनिटांत झालं.

"आता राहायला हरकत नाही," महादेवराव म्हणाले.

निवेदितानं चित्र बंद केलं. मग खुर्ची वळवून म्हणाली, "बाबा, मी सांगणारच होते. आम्ही तिघी मैत्रिणींनी दादरला स्वतःचं ऑफिस सुरू केलंय. मशीनं आहेत, पण एकातही असं कार्ड नाही. तुमची हरकत नसेल तर हे कार्ड मी घेऊन जाऊ? इथे नुसतं पडून राहील."

"आणि तू?"

"मी येत जाईन ना. दोन-तीन दिवस, अधूनमधून."

महादेवरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. निवेदितानं मशीन बंद करून कार्डाचा प्लग ओढून बघितला. "बाबा, हे निघत नाहीये."

"निघायचं नाहीच ते," असं म्हणून ते आत गेले आणि कात्री घेऊन आले. तिच्या हातात दिली नाही, स्वतःच कापलं. पहिल्या गाठी कापल्या तसा तो सलग दोरा सैल पडत गेला आणि वायरी फुगून बाहेर आल्या. "बाकीचं राहू दे ना तसंच," निवेदिता म्हणाली. ते राहण्यासारखं नव्हतंच. कार्डाचं मूळ खोकं महादेवरावांनी नाव लिहून माळ्यावर जपून ठेवलं होतं. त्यात त्यांनी ते कार्ड नीट भरलं. कार्डाशिवायही पडदा उजळत होता, हिशेब लिहिता आले असते, भजनं ऐकता आली असती. फक्त ती चित्रं निघाली नसती.

दुसऱ्या दिवशी जेवून ती दयारामच्या रिक्षानं दिघीला गेली. महादेवराव धक्क्यावर गेले नाहीत. पडवीत बसून राहिले. चारच्या सुमाराला प्रमोदिनीबाई बाहेर येऊन शेजारी सुपारी सोलायला बसल्या.

"तिला यायचंच नव्हतं ना?" महादेवरावांनी विचारलं.

"नव्हतं."

"तुला ठाऊक होतं?"

"लॉकडाउननंतर निघाली ना, तेव्हाच धक्क्यावर सांगितलं होतं तिनं मला, तुम्ही तिकीट काढायला गेला होतात तेव्हा. म्हणाली, बाबा सारखे मागे उभे असतात गं, मला काही सुचतच नाही. त्यांना सांगू नको म्हणाली, वाईट वाटेल."

रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली, त्याला महादेवरावांनी ओ दिली नाही. मग म्हणाले, "आठ महिने मी ते बांधत बसलो. एका शब्दानं बोलली नाहीस. मला करू का दिलंस?"

प्रमोदिनीबाईंनी हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

"आठ महिने तुम्ही त्या खोलीत होतात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच महादेवरावांना सहन होईना. "सकाळी नऊला आत जायचात ते संध्याकाळी बाहेर. मी माझा चहा मला हवा तेव्हा करत होते. एका दुपारी मी दोन तास झोपले. मागे कोणी उभं नव्हतं. लग्न झाल्यापासून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून नाही बोलले."

महादेवरावांनी बायकोकडे बघितलं. इतकी वर्षं तिच्या मागेच उभे राहिल्यामुळे असेल, तिचा चेहरा त्यांना एकदम अनोळखी वाटला. त्या मात्र त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर नवऱ्याच्या मांडीवर रिकाम्या पडलेल्या हातांवर होती आणि तिच्यात सरळ सरळ भीती होती.

"आता कशात हात घालणार?" त्यांनी विचारलं.